संध्याकाळची धार

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं, गवळी त्याच्या डोळ्यांदेखत धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. माझं औषधाचं दुकान कट्ट्याच्या समोर आहे. वडिलांच्या वेळेपासून आम्ही हे बघत आलोय. तिथं म्हैस पिळायला बसलेली बाई मात्र मी एकच बघितली, क्रांतीवहिनी.

त्या मूळच्या गडमुडशिंगीच्या. माहेरी गोठा होता. शाळेला जायच्या आधी धार काढायची आणि आल्यावर वैरण टाकायची, यात लहानपण गेलं. लग्न होऊन त्या नदीच्या घाटाजवळच्या हंबीररावांच्या घरात आल्या. हंबीरराव कट्ट्यावरचे जुने गवळी. उंच, मिशाळ, आणि साधं पाणी मागायचं तरी ओरडून मागणार. त्यांचा मुलगा विजयसिंह फौंड्रीत कामाला. त्याला शेणाचा वासही नको असायचा. त्यामुळं गोठा सुनेकडं आणि कट्टा सासऱ्याकडं, अशी वाटणी बरीच वर्षं चालली.

मग हंबीरराव घाटाच्या पायरीवर घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालायला लागले, पण उकिडवं बसणं कायमचं संपलं. विजयसिंह म्हणाला, म्हशी विकून टाकू.

"विकायच्या कशाला?" क्रांतीवहिनी म्हणाल्या. "मी जातो की कट्ट्यावर."

"बाईमाणूस कट्ट्यावर बसंल व्हय?" हंबीरराव खाटेवरून ओरडले.

"म्हशीला काय कळतंय मामंजी, खाली बाई बसलीया का बाप्या?"

यावर हंबीररावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि त्या घरात याला होकार समजत असत.

पहिल्या संध्याकाळी भांडण बघायला जमावेत तसे लोक जमले. वहिनींनी पदर खोचला, म्हशीच्या कासेवर पाणी मारलं, हलक्या हातानं सड चोळले आणि पान्हा उतरल्यावर धार सुरू केली. काही गवळी अंगठा आत मुडपून पिळतात, त्यानं सडाला इजा होते. वहिनी पूर्ण मुठीनं पिळायच्या. करंगळीपर्यंत सगळी बोटं एकामागून एक मिटत जायची आणि भांड्यात एकसारखा आवाज यायचा. बघणारे थोड्या वेळानं पांगले. आठवड्याभरात तिथं बाई बसते, याचं कुणाला काही वाटेनासं झालं. त्यांच्या दुधाला फेस जास्त येतो, असं एक म्हातारे वकील सगळ्यांना सांगत फिरायचे. ते खरं होतं की नाही मला माहीत नाही, पण गर्दी त्यांच्याकडं जास्त असायची.

अशी काही वर्षं गेली. करोनाचं सगळं निवळल्यानंतर, एका थंडीत, वहिनी कट्ट्यावरून उठून दुकानात आल्या.

"जिनूदादा, डोळा जड व्हतोय ह्यो. पापनीच उचलत न्हाय बघा."

डावी पापणी खरंच अर्ध्यावर आली होती. मी म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन आल्या. सकाळी पापणी जागेवर होती. डॉक्टरांनी नंबर तपासला, चष्मा दिला आणि प्रकरण मिटलं. संध्याकाळी पापणी परत खाली.

पुढं एकाची दोन दिसायला लागली. एका गिऱ्हाइकानं ग्लास धरला होता आणि वहिनींनी धार त्याच्या शेजारी, मोकळ्या जागेत सोडली. लोक हसले. वहिनीही हसल्या आणि तेव्हापासून एक डोळा मिटून धार काढायला लागल्या. हे मी दुकानातून बघत होतो. नजरेचं काहीतरी असेल, एवढंच तेव्हा कुणालाही वाटलं असतं.

मग हात सुटायला लागला. पहिली म्हैस नीट व्हायची. दुसरी अर्ध्यावर आली की बोटं मिटायचीच नाहीत. वहिनी हात मांडीवर ठेवून नुसत्या बसायच्या. थोडं थांबलं की परत जोर यायचा, पाच-दहा पिळे व्हायचे आणि परत मूठ उघडी. हात दुखत नव्हता, मुंग्या येत नव्हत्या. "दुखलं असतं तर सांगायला तरी काय असतं," असं पुढं त्या मला म्हणाल्या. "दुखत न्हाय, खुपत न्हाय. म्या 'मीट' म्हनतो आनि त्यो मिटत न्हाय. हे कुनाला सांगायचं?"

घरी जेवतानाही तसंच. पहिली अर्धी भाकरी चावून व्हायची, नंतर जबडा थकायचा. हनुवटीला खालून हात लावून त्या उरलेला घास चावायच्या. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागल्या. विजयसिंहानं विचारलं तर दाढ दुखतेय म्हणून सांगितलं.

दूध कासेत राहिलं की म्हशीला त्रास होतो. त्यांच्या भुरी नावाच्या म्हशीची कास एका बाजूनं कडक झाली, हात लावू देईना. गवळी याला दगडी म्हणतात. नेमिनाथ डॉक्टरांना बोलावलं. हे मूळचे कुरुंदवाडचे, जनावरांचे डॉक्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आणि माझ्या दूरच्या नात्यातले. त्यांच्या औषधांची पिशवी माझ्याच दुकानातून भरली जायची, म्हणून त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गोठ्यात गेलो होतो.

नेमिनाथ कास तपासत म्हणाले, "दूध पूर्ण निघत नाही हिचं. कोण पिळतंय?"

"सून." हंबीरराव गोठ्याच्या दारात काठीवर रेलून उभे होते. "सकाळी बघा, चारी म्हशी खाली करती, शेन काढती, वैरन आनती. संध्याकाळ झाली की हात गळतोय म्हनं. असलं कसलं दुखनं, घड्याळ बघून येनारं? कट्ट्यावर जायचा कंटाळा आलाय, दुसरं काय न्हाय. तसं तोंडानं सांगावं की."

वहिनी भुरीच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. बोलणं त्या टाळायच्या, कारण बोलायला सुरुवात केली की अलीकडं शब्द नाकातून यायला लागत आणि मग सासरे म्हणत, आता आवाजाचं पण सोंग.

नेमिनाथांनी हात धुतले, टॉवेलला पुसले आणि वहिनींकडं बघत म्हणाले, "वहिनी, जरा वर बघा. त्या पत्र्याकडं. मान हलवू नका, नुसते डोळे वर करा आणि मी सांगेपर्यंत तसंच बघत राहा."

वहिनींनी वर बघितलं. आम्हीही सगळे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्यांच्या दोन्ही पापण्या हळूहळू खाली यायला लागल्या. त्या भुवया वर चढवून पापण्या धरू बघत होत्या, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, तरी पापण्या येतच राहिल्या. डोळे जवळजवळ मिटले.

"आता डोळे मिटून स्वस्थ बसा."

थोडं थांबून त्यांनी डोळे उघडायला सांगितले. पापण्या वर गेल्या.

"हंबीरराव, हे सोंग नाही," नेमिनाथ म्हणाले. "मी जनावरांचा डॉक्टर आहे, माणसाचं नाव मी सांगणार नाही. पण एका कुत्र्यात मी असं बघितलंय. चार पावलं पळायचा आणि बसायचा. सुनेला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडं न्या. आणि संध्याकाळी न्या, सकाळी नको."

न्यायचं ठरलं. पण विजयसिंहाची पाळी बदलायची होती, भुरीची कास बरी व्हायची होती, घरात एक बारसं होतं. महिना असाच गेला. त्यात वहिनींना ताप आला, लघवीला जळजळ सुरू झाली. जवळच्याच एका डॉक्टरनं संसर्गावरचं इंजेक्शन दिलं. इतर कुणालाही चाललं असतं असंच ते औषध होतं. पण काही अँटिबायोटिक्स नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप आणखी कमजोर करतात, आणि वहिनींचा निरोप मुळातच कमजोर झालेला होता. त्या आजाराला अजून नावच मिळालं नव्हतं, तर देणाऱ्याला सांगणार कोण आणि काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना चहा नाकातून बाहेर आला. मान पुढं झुकली ती वर होईना. विजयसिंह धावत दुकानात आला. "जिनूदादा, गाडी काढा, तिला दम घेता येईना." मी गाडी काढली. मागच्या सीटवर तो एका हातानं वहिनींची हनुवटी वर धरून बसला होता. आरशात मला दिसत होतं, त्या त्याच्याकडं बघत होत्या. पूर्ण शुद्धीत होत्या. डोळ्यांत भीती होती, पण चेहऱ्यावर काहीच नव्हतं. चेहऱ्याचे स्नायूही आता हलत नव्हते. विजयसिंह सारखं म्हणत होता, "घे, दम घे. घे की गं."

हॉस्पिटलमध्ये नेल्यावर लगेच नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवलं.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट होत्या डॉ. पूर्णिमा. वयानं वहिनींच्याच आसपास, बोलणं कमी. त्यांनी विजयसिंहाला बारीकसारीक विचारलं. सुरुवात डोळ्यापासून झाली का? सकाळी बरं असतं का? विश्रांती घेतली की सुधारतं का? सगळ्याला हो. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून वहिनींच्या मिटलेल्या डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळानं बर्फ काढला आणि डोळा उघडायला सांगितला. जी पापणी कालपासून उचलत नव्हती ती वर गेली. विजयसिंह म्हणतो की त्या क्षणी तो रडला, कारण बर्फ लावल्यानं बरं होणारं दुखणं किरकोळच असणार असं त्याला वाटलं.

किरकोळ नव्हतं. हाताच्या नसेला एकामागून एक बारीक झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला. पहिला चांगला, दुसरा कमी, तिसरा, चौथा आणखी कमी. रक्ताची तपासणी आली. मायस्थेनिया ग्रॅव्हिस.

हंबीरराव काठी टेकत आले होते. डॉ. पूर्णिमांनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं. मी फार्मसी शिकलेला, मला पुस्तकातलं माहीत होतं. पण इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

"नस स्नायूला चिकटलेली नसते," त्या म्हणाल्या. "मध्ये बारीक फट असते. मेंदूचा हुकूम नसेच्या टोकापर्यंत येतो. तिथून एक रसायन सुटतं, अ‍ॅसिटिलकोलीन. ते फट ओलांडून स्नायूवरच्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं, तेव्हा स्नायू आवळतो. आणि काम झालं की तिथंच असलेलं एक एन्झाइम त्या रसायनाचे लगेच तुकडे करून टाकतं. नाहीतर स्नायू मोकळाच होणार नाही."

"मग हिचं रसायन संपलंय?" विजयसिंहानं विचारलं.

"नाही. रसायन तयार होतंय. ते ज्या जागांवर बसायचं त्या जागा कमी झाल्यात. शरीर स्वतःच त्यांना परकं समजून नष्ट करतंय. आता बघा, आपण मूठ वारंवार मिटतो तेव्हा दर वेळी नसेतून रसायन थोडं थोडं कमी सुटतं. तुमचं-माझंही. पण आपल्याकडं जागा भरपूर असतात, म्हणून फरक पडत नाही. यांच्याकडं जागाच थोड्या, त्यामुळं पहिल्या काही वेळा मूठ मिटते आणि नंतर कमी पडतं. विश्रांती घेतली की नसेचा साठा भरतो, परत मिटते. सकाळी रात्रभराची विश्रांती झालेली असते."

हंबीरराव इतका वेळ जमिनीकडं बघत होते. ते म्हणाले, "म्हंजी ती सकाळी करायची ते बी खरं, आनि संध्याकाळी न्हाय व्हायचं ते बी खरं."

"दोन्ही खरं."

हंबीरराव उठून बाहेरच्या बाजूला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी शोधायला गेलो तर ते पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे होते. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा खालच्या पट्टीत ऐकला. "जिनू," ते म्हणाले, "गिळता येत नव्हतं तवा बी मी तिला म्हनलो, नाटकं करू नगंस."

रक्तातला द्रव भाग यंत्रातून काढून बदलला, म्हणजे जागा नष्ट करणारे घटक कमी झाले. नळी निघाली. शरीराचा तो हल्ला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, त्यांचा परिणाम दिसायला महिने लागतात. आणि रोजच्या कामासाठी पायरिडोस्टिग्मिन. ही गोळी रसायनाचे तुकडे करणाऱ्या एन्झाइमला थोडा वेळ अडवते. बर्फानंही तेच झालं होतं, थंडीनं एन्झाइम मंदावलं होतं. रसायन फटीत जरा जास्त वेळ टिकतं आणि उरलेल्या थोड्या जागांवर पुन्हा पुन्हा जाऊन बसतं.

घरी आल्यावर वहिनींना या गोळीचं फार अप्रूप वाटलं. ती घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात पापणी उचलायची, बोटं मिटायची. तीन-चार तासांनी असर उतरायचा. जबड्याखाली हात न लावता त्यांनी ज्या दिवशी पूर्ण भाकरी खाल्ली त्या दिवशी दुकानात येऊन मला सांगून गेल्या. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळा त्या पाळत होत्या. हळूहळू एका म्हशीपुरत्या कट्ट्यावर यायला लागल्या. बाकीच्या म्हशी विजयसिंह घरी पिळायला शिकत होता, शिव्या देत आणि लाथा खात.

मग कोजागिरी आली. त्या दिवशी कोल्हापुरात दुधाला किती मागणी असते ते सांगायला नको. कट्ट्यावर दुपारपासून माणसं किटल्या घेऊन उभी राहतात. वहिनींनी मनाशी ठरवलं, की आज आपल्या सगळ्या म्हशी कट्ट्यावर न्यायच्या आणि आपणच पिळायच्या, पूर्वीसारख्या. एका गोळीनं एक म्हैस होते, तर जास्त गोळ्यांनी जास्त होतील, असा त्यांचा हिशेब. कुणाला न सांगता त्यांनी दुपारभरात दिवसभराच्या गोळ्या घेऊन टाकल्या आणि उद्याच्याही काही.

सुरुवात चांगली झाली. मी काउंटरवरून बघत होतो, हात झरझर चालला होता. त्या जुन्या वकिलांना त्यांनी "या काका" म्हणून हाकही मारली. मग त्या थांबल्या. पोटाला हात लावून वाकल्या. कपाळावर घाम आला. हंबीरराव हौसेनं शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले होते. त्यांनी बघितलं की सुनेच्या तोंडातून लाळ गळतेय आणि ती पदरानं सारखी पुसतेय.

"हात गळला," वहिनी म्हणाल्या. "पिशवीतली गोळी द्या, मामंजी."

हंबीररावांनी पिशवीत हात घातला आणि थांबले. वहिनींच्या दंडावर, कातडीखाली, स्नायू किड्यासारखे वळवळत होते. ते तसेच काठी टेकत रस्ता ओलांडून माझ्याकडं आले, मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते.

"जिनू, बघ की जरा. गोळी मागतीया. पन हे नेहमीचं न्हाय वाटत मला. गेल्या साली भुरीला गोचिडाचं औषध जास्त लागलं हुतं, ती अशीच लाळ गाळत हुती, अंग असंच फुरफुरत हुतं. नेमिनाथानं इंजेक्शन दिलं तवा वाचली."

मी डॉ. पूर्णिमांना फोन लावला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले: लाळ, पोटात कळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक? मग म्हणाल्या, "गोळी अजिबात देऊ नका. ताबडतोब घेऊन या."

या वेळी यंत्रापर्यंत जावं लागलं नाही. अ‍ॅट्रोपिनचा उतारा दिला, गोळ्या बंद केल्या, रात्रभर लक्ष ठेवलं. सकाळी वहिनी पलंगावर उशाला टेकून बसल्या होत्या. डॉ. पूर्णिमा रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या.

"कोण म्हणालं गोचिडाच्या औषधाचं?"

हंबीररावांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"बरोबर आहे तुमचं. ते औषधही त्याच एन्झाइमला अडवतं. पण कायमचं, म्हणून ते विष. आमची गोळी थोड्या वेळापुरती अडवते, म्हणून ती औषध. पण फार घेतली तर तीही विषाच्याच वाटेनं जाते. फटीत रसायन साचून राहतं, स्नायू फडफडतो आणि मग हुकूम घेईनासा होतो. वहिनी, ऐकताय ना? निरोप कमी पडला तरी हात गळतो आणि फार झाला तरी हात गळतो. वरून दोन्ही सारखंच दिसतं."

वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, जेवढी गोळी तेवढी ताकद."

"गोळीत ताकद नसते. ताकद तुमचीच आहे, गोळी फक्त तिला वाट देते. नेमकी किती गोळी हे आपल्याला दोघींना मिळून शोधायचंय. वेळ लागेल."

"मग मला पूर्वीसारखं कधीच करता यायचं न्हाय?"

"पूर्वीसारखं म्हणजे सलग चार म्हशी? तसं मी वचन देणार नाही."

वहिनींनी मान वळवली आणि खिडकीकडं बघत राहिल्या. आजार कळल्यावर त्या रडल्या नव्हत्या, नळी असताना रडल्या नव्हत्या. तेव्हा रडल्या. विजयसिंह दारातून आत येत होता, तो तिथंच थांबला आणि परत गेला. मला वाटतं त्यानं बरं केलं.

छातीचं स्कॅन केलं तर हाडामागची थायमस नावाची ग्रंथी वाढलेली दिसली. लहानपणानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते. या आजारात कधी कधी ती चुकीची शिकवण मिळालेल्या, शरीरावरच उलटणाऱ्या पेशी तयार करत राहते. तब्येत स्थिर झाल्यावर ती काढून टाकली. ऑपरेशनच्या दिवशी हंबीरराव सकाळपासून हॉस्पिटलच्या दारात बसून होते, चहाही घेतला नाही. आत जाताना सुनेनं त्यांना सांगितलं, "भुरीला उगीच भरडा जास्त घालू नगा, पोट फुगतंय तिचं." एवढंच बोलणं झालं. पार्किंगमध्ये ते मला जे बोलले होते ते सुनेला कधी बोलले का, मला माहीत नाही. बोलले नसावेत.

पण ते तेव्हापासून रोज कट्ट्यावर येतात. प्लास्टिकची खुर्ची टाकून तिच्या शेजारी बसतात. ती पिळताना थांबली आणि रांगेतलं कुणी कुरकुरलं की ते जुन्या आवाजात ओरडतात, "पावणं, घाई असंल तर पिशवीतलं दूध घ्या जावा! हितं थांबून मिळतंय." नवं गिऱ्हाईक दचकतं. जुनी माणसं थांबतात.

आता दोन म्हशी कमी केल्यात. कट्ट्यावर एकच येते. संध्याकाळच्या गोळीची वेळ धारेच्या आधी बसेल अशी डॉक्टरांनी लावून दिली आहे, आणि तीही आता पूर्वीपेक्षा कमी लागते. काही दिवस वहिनी पूर्ण म्हैस न थांबता पिळतात. काही दिवस मध्येच हात मांडीवर ठेवतात, इकडतिकडच्या गप्पा मारतात आणि परत सुरू करतात. कुठलंही नवं औषध घ्यायच्या आधी फोन करून विचारतात. ताप आला तर घाबरतात, ते मात्र गेलेलं नाही. विजयसिंहाला अजून भुरी पान्हा देत नाही.

वैशाखाच्या उन्हात त्यांचं दुखणं वाढतं. थंडीनं जे एन्झाइम मंदावतं ते उष्णतेनं जोर धरतं. गेल्या उन्हाळ्यात पापणी परत उतरायला लागली तेव्हा वहिनींनी स्वतःच ठरवलं, की दोन महिने कट्टा बंद. त्या काळात त्या सकाळी लवकर म्हशी घाटावर नेत आणि पाण्यात उतरून, कंबरभर पाण्यात उभ्या राहून, त्यांना घासत. मी एकदा फिरायला गेलो होतो तेव्हा दिसल्या. म्हशी नाकापर्यंत पाण्यात होत्या. वहिनी एका म्हशीच्या पाठीवर कोपर टेकून उभ्या होत्या.

"बरं हाय का वहिनी?" मी काठावरून विचारलं.

"पान्यात लई बरं वाटतंय बघा," त्या म्हणाल्या. "बाहेर आलं की बघू."